फौजदाराचं पथ्य

दुपारचे साडेअकरा वाजले. दूधभाकरीची ताटली मागच्या पायरीवर तशीच पडून राहिली आणि फौजदार आला नाही, तेव्हा रचनाच्या मनात पाल चुकचुकली. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ताटलीचा आवाज झाला की तो मच्छे गावाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी धावत यायचा.

ती मागं गेली. पेरूच्या झाडाखाली तो आडवा पडला होता. पुढ्यात पिवळसर फेसाची उलटी, तीत चिवड्यातले चार पोहे. तिनं नाव घेतलं तशी त्यानं शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि मान पुन्हा खाली टाकली.

"ऋतिका," तिनं आत हाक दिली, "जरा इकडं ये गं."

हाक धाकट्या जावेला गेली; नवऱ्याला नाही की सासूला नाही, याचं तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. ऋतिकाला या घरात येऊन उणेपुरे चार दिवस झाले होते. तिचं आणि सूरजचं लग्न आठ महिन्यांपूर्वी बेंगळुरात रजिस्टर पद्धतीनं झालं, घरचं कुणी गेलं नाही, आणि त्यावरून जे रामायण घडलं त्यानंतर सूरज पहिल्यांदाच बायकोला घेऊन दिवाळीला आला होता. सासूबाई, बाळाबाई, तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. सासरे आण्णाप्पा तेवढंही बोलत नसत.

त्यात आल्या दिवशीच ऋतिकानं एक उद्योग केला होता. बॅग ठेवली, चहा घेतला आणि स्टुलावर चढली. साफसफाईसाठी उघड्या टाकलेल्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या तिनं झाकणाच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवल्या. तांदळाच्या पोत्यामागं उंदरासाठी टाकलेली औषधाची वडी कागदात गुंडाळून तीही वर गेली. पायरीवरून लोळत गेलेल्या लायटिंगच्या माळा तिनं खिडकीला बांधून घेतल्या. दिवाळीत कुठला जनावरांचा दवाखाना उघडा असतो, याचे तीन ठिकाणी फोन करून नंबर लिहून घेतले. आणि रात्री जेवताना सासूबाई लाडवांच्या रव्याचा अंदाज सांगत होत्या, तेव्हा मध्येच म्हणाली, "आत्ती, लाडवातले बेदाणे तेवढे फौजदाराला जाऊ द्यायचे न्हाईत. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याच्या किडनीला बाधतात."

मग आण्णाप्पा, जे चार दिवसांत तिच्याशी अवाक्षर बोलणार नव्हते, ते मोठ्यांदा बोलले.

"आमच्या फडातली कुत्री काकवी चाटत्यात, गूळ खात्यात. बेदाण्यानं मरायला ह्यो काय खराच फौजदार हाय व्हय?"

सगळे हसले. रचनाचा नवरा, थोरला आदर्श हसला, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सूरजही हसला. रचनाला त्या वेळी वाईट वाटलं ते त्याचंच. ऋतिकानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि भातावर आमटी वाढून घेतली.

आता तीच ऋतिका पेरूखाली गुडघे टेकून बसली होती. तिनं फौजदाराचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोटावर हात ठेवला, छातीला कान लावला. मग उठून घरातून एक चमचा आणि प्लास्टिकची पिशवी आणली आणि ती उलटी चमच्यानं पिशवीत भरू लागली. सणाची कोरी साडी, केसांत आबोलीचा गजरा, आणि हे काम. रचनानं पदर नाकाला लावला. ऋतिकाच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

"हे कशाला गं?"

"डॉक्टरांना दाखवायला. पोटात काय हुतं ते कळलं तर बरं, आक्का."

एव्हाना घर मागच्या दारी जमलं होतं. यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलेलं, त्यामुळं पहाटेच्या आंघोळीपासून सगळे नुसते धावत होते. आदर्श फौंड्रीतल्या मशीनची पूजा उरकून नुकताच आला होता, कपाळावर कुंकू तसंच.

"काय खाल्लं ह्यानं?" त्यानं विचारलं.

"डांबरगोळी," बाळाबाई म्हणाल्या. "दुसरं काय? ट्रंकेत गप पडल्या हुत्या बारा म्हैने. हिनं उगंच हलवाहलवी केली. एखादी खाली पडली असणार."

ऋतिकाचा हात थांबला. रचनाला वाटलं, आता ही उलट बोलणार आणि दिवाळी पेटणार. ऋतिका म्हणाली, "असंल, आत्ती. मी मोजून ठेवल्या न्हाईत. डॉक्टरांना तेबी सांगते."

बाळाबाई आत गेल्या आणि तांब्यात मिठाचं पाणी कालवून आणलं. "धरा ह्याला. घशाखाली घातलं की सगळं भडाभडा बाहेर पडंल. आमी म्हशींना असंच केलंय."

"मिठाचं पाणी नको, आत्ती," ऋतिका म्हणाली. तिनं तांब्यावर हात ठेवला, तांब्या हिसकावला नाही, हात नुसता ठेवला. "त्यानं जीव जातो. मिठाचंच विष होतं कुत्र्याला. काय खाल्लंय कळल्याशिवाय उलटी काढायची न्हाई."

"ह्या घरात मी चाळीस वर्सं जनावरं सांभाळली."

"म्हणून तर ऐकता का म्हणून विचारतेय."

दोघींचे हात एका तांब्यावर. शेवटी बाळाबाईंनी सोडला, पण तोंड फिरवून. सूरज गाडीची किल्ली घेऊन आला. आदर्श कुरकुरला, "लक्ष्मीपूजनादिवशी कुत्र्यापायी घर रिकामं करायचं?" आणि तेवढ्यात, सगळ्यांच्या मागं उभे असलेले आण्णाप्पा डोक्यावर टोपी घालून गाडीत जाऊन बसले.

•

गाडी खानापूर रस्त्याला लागली. मागच्या सीटवर आण्णाप्पांच्या मांडीवर फौजदाराचं डोकं, पायाशी पोतं, दुसऱ्या खिडकीला रचना. आण्णाप्पांचा हात त्याच्या कानामागं सारखा फिरत होता. शेताचे प्लॉट पडले आणि बैल विकले, त्या वर्षी कुणीतरी हे पिल्लू आणून दिलं. गेटात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतं म्हणून नाव पडलं फौजदार. तेव्हापासून सकाळी उठून उरलेल्या वीस गुंठ्यांपर्यंत दोघं चालत जाऊन येत. पोरांशी जेवढं बोलत नसत तेवढं आण्णाप्पा त्याच्याशी बोलत.

रचना खिडकीबाहेर बघत होती. पण तिला दिसत होती ती स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी.

लाडवांसाठी तिनं आदल्या रात्री विजापूरचे बेदाणे निवडून वाटी काठोकाठ भरून ठेवली होती. सकाळी बघितली तर निम्मी. आणि त्याच्या जरा आधी तिनं मामांना, म्हणजे आण्णाप्पांना, स्वयंपाकघरातून बाहेर पडताना बघितलं होतं, धोतराच्या ओच्यात मूठ धरून. मामांना मधुमेह. खात असतील चोरून, तिला वाटलं होतं, आणि ती काही बोलली नव्हती. मामांना कुणी काही विचारायचं नाही, हा या घरातला न लिहिलेला कायदा. बारा वर्षं तिनं तो पाळला होता. शाळेत चाळीस पोरांना दरडावणारी ती, इथं तिची जीभ टाळूला चिकटायची.

आत्ताही चिकटली. तिनं मामांकडं बघितलं. ते फौजदाराकडं बघत होते. पुढच्या सीटवर ऋतिका फोनवर डॉक्टरांना फौजदाराचं वजन आणि वय सांगत होती. रेल्वेच्या तिसऱ्या गेटाशी फाटक पडलं आणि सात मिनिटं गाडी उभी राहिली. त्या सात मिनिटांत रचनानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

•

डॉक्टर सौम्या पस्तिशीच्या असतील. मुलखाच्या रीतीप्रमाणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायच्या. दुपारी दोनला दवाखाना बंद करून त्या गोकाकला आईकडं जाणार होत्या. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तरी त्यांनी घाई केली नाही. थर्मामीटर लावला, पोट दाबून बघितलं, पिशवीतली उलटी उजेडात धरून बघितली.

गंमत अशी, की टेबलावर ठेवल्यावर फौजदार उठून बसला. उलटी झाल्यानं त्याला बरं वाटत असावं. त्यानं डॉक्टरांचा हातही चाटला.

"चिवडा-बिवडा बाधला असेल," सूरज सुटकेनं म्हणाला. "आता बरा दिसतोय."

"दिसतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पण दिसण्यावर जाऊ नका. घरात काय काय होतं त्याच्या तोंडाला लागण्यासारखं?"

ऋतिकानं सगळं सांगितलं. डांबरगोळ्या, उंदराचं औषध, फटाके. डांबरगोळी आपल्या हातून पडली असू शकेल, हेही. आणि शेवटी, "घरात बेदाणे पण आहेत."

"बेदाणे खाल्ले असतील तर वेगळं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचा मार किडनीवर पडतो. आज कुत्रं असंच शेपूट हलवतं. आज रक्त तपासलं तरी काही दिसत नाही. परवा दिसतं, आणि परवा उशीर झालेला असतो. बेदाणे असतील तर आत्ता इंजेक्शन देऊन पोट रिकामं करायचं आणि दोन दिवस सलाईन. उंदराचं औषध असेल तर त्याची वाट वेगळी, डांबरगोळीची आणखी वेगळी. मी अंदाजानं सगळंच करू शकत नाही. खरे हेळ्री, खरं सांगा. खरं काय ते मला कळायला पाहिजे."

बेदाणे हा शब्द आला तेव्हा आण्णाप्पा दाराशी उभे होते. ते वळले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. रचनानं ते बघितलं. ऋतिकानंही बघितलं.

"पाच मिनिटं द्या, डॉक्टर," ऋतिका म्हणाली आणि बाहेर गेली.

रचना दाराच्या चौकटीत थांबली. तिथून तिला दोघांच्या पाठी दिसत होत्या आणि बोलणं ऐकू येत होतं. तिला वाटलं होतं, ऋतिका विचारणार, मामा, तुम्ही घातलं का? आणि मामा उठून गाडीत बसणार. तसं काहीच झालं नाही. ऋतिका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मामा, मी आठवीत असताना आमच्याकडं निपाणीला एक कुत्रं हुतं. चंप्या," ती म्हणाली. "पप्पांच्या मित्रानं दिवाळीला परदेशातलं चॉकलेट आणलं. काळं, कडू. कुणी खाल्लं न्हाई, म्हणून मी अख्खी वडी त्याला घातली. लाडानं. संध्याकाळी ते थरथरायला लागलं. डॉक्टर आले. काय खाल्लं म्हणून सगळ्यांना विचारलं. मलाबी विचारलं."

आण्णाप्पांनी मान तिच्याकडं वळवली.

"मी माहीत न्हाई म्हटलं. पप्पा मारतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंप्या गेला." ती थांबली. "पप्पांनी मारलं नसतं, मामा. ते मला लई वर्सांनी कळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. सूरजलाबी न्हाई."

समोरून एक बस गेली. तिची धूळ खाली बसली. मग आण्णाप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोन मुठी," ते म्हणाले.

"कवा?"

"सकाळी. टीव्हीवर सातच्या बातम्या लागल्यात्या." ते टोपीकडं बघत बोलत होते. "लाडानं न्हाय घातलं, पोरी. तुझं बोलणं मनात बसलं हुतं. म्हटलं, काल आलेली पोर आमाला कुत्रं पाळायला शिकवत्या. घालतो आन् दाखवतो हिला. संध्याकाळी पूजेला सगळी जमली की सांगणार हुतो, बघा, काय झालं त्येला? म्हणून घातलं."

रचनाला वाटलं, आता मात्र ऋतिकाच्या तोंडून काहीतरी निघेल. निघालं असतं तरी कुणी तिला दोष दिला नसता. ऋतिका फक्त घड्याळात बघून उठली.

"बरं झालं सांगितलासा," ती म्हणाली. "अजून सहा तास झाले न्हाईत. येळ हाय."

आत येऊन तिनं डॉक्टरांना तीन गोष्टी सांगितल्या. बेदाणे, दोन मुठी, सकाळी सात. डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, "नक्की? कुणी बघितलंय?"

"घरात बघितलंय," ऋतिका म्हणाली. नाव घेतलं नाही.

"बघितलं कशाला," मागून आवाज आला. आण्णाप्पा टोपी हातात घेऊन आत आले होते. "मीच घातलंय, डॉक्टरबाई. हिनं नको म्हणून सांगितलं हुतं, तरी घातलं. माझी चूक हाय."

सूरज बापाकडं बघतच राहिला. रचनानं बारा वर्षांत मामांच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द ऐकले नव्हते. शेतीची वाटणी झाली तेव्हा नाही, सूरजच्या लग्नाला जायचं नाही असं ठरवलं तेव्हाही नाही.

"चिंता माडब्याड्री, अज्जा, काळजी करू नका," डॉक्टर मऊपणानं म्हणाल्या. "सांगितलंत हेच मोठं काम झालं."

इंजेक्शननंतर दहा मिनिटांत फौजदाराच्या पोटातून बेदाणे बाहेर पडू लागले. फुगून द्राक्षाएवढे झालेले, बहुतेक आख्खे. ऋतिका त्याचं डोकं धरून बसली होती आणि आण्णाप्पा घमेलं. डॉक्टरांनी दाराशी ठेवलेली आपली बॅग उचलून आत नेली आणि गोकाकला फोन लावला.

रचना बाहेरच्या नळावर हात धुवायला आली तेव्हा ऋतिका साडीवरचे डाग धूत होती.

"मी वाटी बघितलीती, सकाळी," रचना म्हणाली. गाडीत दोनदा अडकलेलं आता आपसूक निघालं. "मामांनाबी बघितलं हुतं. बोलले न्हाई."

"मला अंदाज आलता, आक्का. मामा गाडीत बसले तवाच." ऋतिकानं पदर पिळला. "आणखी पाच मिनिटं बघितली असती. न्हाईतर मीच सांगणार हुते डॉक्टरांना. पण त्यांचं त्यांनी सांगितलं ते चांगलं झालं. आपण पकडून दिलं असतं तर ते माझ्या नजरेला नजर देऊ शकले नसते परत कधी."

रचनानं त्या पोरीकडं बघितलं. सव्वीस वर्षांची. हे शहाणपण हिनं कुठून आणलं असेल?

•

पूजेला घरात थोरली सून पाहिजे, म्हणून सूरजनं रचनाला तेवढं मच्छ्यात सोडलं आणि तो परत गेला. आण्णाप्पा आणि ऋतिका दवाखान्यातच थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच आण्णाप्पांनी लक्ष्मीपूजन घराबाहेर काढलं.

देवापुढं रांगोळी होती, झेंडूची तोरणं होती, आणि बाळाबाईंचा राग होता.

"जगलं का?"

"आज तरी बरा हाय, आत्ती. दोन दिवस सलाईन."

"एका गोळीपायी बघ. पोरगी घरात आली नि चार दिवसांत काय करून ठेवलं. सणाला कर्ता माणूस दवाखान्यात."

"मी तर आल्या दिवशीच म्हटलेलो, ही हलवाहलवी नको," आदर्श पाटावर बसता बसता बोलला.

मामांनी निघताना रचनाला सांगितलं होतं, घरात मी सांगीन, तू काय बोलू नको. तिनं तो शब्द पाळायचा ठरवला होता. पण गप्प बसणं आणि शब्द पाळणं यात फरक असतो, हे तिला आज दुपारीच कळलं होतं. तिनं हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"गोळीनं न्हाई झालं ते, आत्ती. कशानं झालं ते मामा आल्यावर सांगतील. तवर ऋतिकाला कुणी काय बोलायचं न्हाई. तुमीबी," ती नवऱ्याकडं वळली.

बाळाबाईंनी सुनेकडं असं बघितलं, जणू निरांजनच बोललं. मग त्यांनी पूजेची घंटा उचलली.

•

पहिली तपासणी पाडव्याला झाली, दुसरी भाऊबीजेच्या सकाळी. किडनीचे आकडे जिथल्या तिथं होते. दहाच्या सुमाराला गाडी गेटाशी थांबली. आधी फौजदार उतरला, पुढच्या पायाला सलाईनची पट्टी. गेटाचा वास घेऊन आत गेला. मागून आण्णाप्पा. तीन दिवसांची दाढी, चुरगळलेला सदरा. ऋतिका सगळ्यांत शेवटी, हातात औषधांची पिशवी.

शेजारचे रवळूमामा फराळाला आले होते. आण्णाप्पांनी ते जायची वाट बघितली नाही. सोप्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन मुठी, सातच्या बातम्या आणि का घातलं तेसुद्धा. आवाज चढवला नाही, शब्द वाचवला नाही.

"ही पोर मला दवाखान्यात एकदाबी टोचून बोलली न्हाय," ते शेवटी म्हणाले. "दोन रात्री माझ्यासंगट फरशीवर बसली. तिच्या लग्नाला मी गेलो न्हाय. ती चूक ह्याच्याहून मोठी. ती आता सुधरायची कशी ते मला सांगा."

सूरज खाली बघत होता. आदर्शनं घसा खाकरला, उठला आणि ऋतिकाच्या हातातली पिशवी घेतली. "किती वेळा द्यायची ही औषधं?" त्यानं विचारलं. त्याच्यापुरती ती माफी होती, आणि ऋतिकानं ती तशीच घेतली. "दोनदा, भाऊजी. जेवणानंतर."

बाळाबाई मात्र उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून डबे सरकवल्याचे आवाज येऊ लागले, एकामागून एक, बराच वेळ. रचनाला धाकधूक वाटली. ती उठणार, इतक्यात बाळाबाई दारात आल्या, हाताला बेसन लागलेलं, श्वास जरा फुललेला.

"ऋतिका," त्या म्हणाल्या. ती आल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. "सगळं खाली मांडलंय. आत ये नि मला सांग, ह्यातलं त्येला काय काय चालत न्हाय. मला वाचता येत न्हाय, तवा नुसतं लिहून ठिवू नको. तोंडानं सांग. माझ्या ध्यानात ऱ्हातंय."

ऋतिका पदर खोचून आत गेली. दोघी फरशीवर, पंधरावीस उघड्या डब्यांच्या मध्ये बसल्या. बाळाबाई एकेक डबा पुढं ढकलत आणि तिच्या तोंडाकडं बघत राहत.

"ह्ये?"

"हे चालतंय, आत्ती."

"आन् ह्ये?"